मोजणीदारांनी नाकारलेल्या जागा

ठकीचा फोन यायचा तो आईसाठी. मंगळवारी आणि शनिवारी, संध्याकाळी सात वाजता. आईचं घरी शिवणकाम असायचं. फोन वाजला की ती तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचायची, मशीनवरचा पाय काढायची आणि पुढची पंचवीस मिनिटं हसण्या-बोलण्यात कुठे जायची ते तिचं तिलाच कळायचं नाही. ठकीचे वडील समोरच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले असायचे. पेपर सकाळीच वाचून झालेला असायचा, पण हातात काहीतरी हवं. मग शेवटी आई म्हणायची, "थांब हं, बाबांना देते." बाबांच्या वाट्याला तीन प्रश्न यायचे. "बाबा, बरे आहात ना? गोळ्या घेता ना? चालायला जाता ना?" तिन्हींचं उत्तर 'हो' असंच असल्यामुळे संभाषण चटकन आटपायचं. एकदा त्यांनी दुसऱ्या प्रश्नाला मुद्दाम 'नाही' म्हणून पाहिलं होतं. त्याचा परिणाम एवढाच झाला, की फोन पुन्हा आईकडे गेला.

आठ वर्षं हे असं चाललं होतं. ठकी शिकायला म्हणून सात तासांवरच्या शहरात गेली, तिथेच नोकरीला लागली आणि आता तिथल्याच एका मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं. वडिलांची काही तक्रार नव्हती. भूमापन कार्यालयात तेहतीस वर्षं नोकरी केलेला माणूस तक्रार करत नाही, फार तर शेरा मारतो. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी आळीत सगळे त्यांना मोजणीदारच म्हणायचे. तेही अजून रस्त्यानं चालताना मनातल्या मनात पावलं मोजायचे.

त्या मंगळवारी फोन आला आणि पाचव्याच मिनिटाला आईनं तो पुढे केला. "घ्या. तुमच्याशी बोलायचंय म्हणते."

"माझ्याशी? काय झालं?"

"मला काय माहीत! मला म्हणाली, बाबांकडे दे."

मोजणीदारांनी पेपरची नीट घडी घातली, घसा साफ केला आणि फोन दोन्ही हातांनी धरला.

काम असं होतं. लग्न ठरल्यावर दोघांचे फोटो काढायचे असतात म्हणे, आणि तेही घरात नाही, मोकळ्यावर. फोटो काढणारा ठकीचा शाळेतला वर्गमित्र होता, त्याचा इथेच स्टुडिओ होता. ती आणि जावई महिन्यानंतरच्या रविवारी एका दिवसासाठी येणार होते. "पण जागा कोण बघणार? तो फोटोग्राफर नेहमीच्याच ठिकाणी नेतो सगळ्यांना. मी म्हटलं, आमच्या बाबांइतकी तिथली जमीन कुणाला माहितीये! बघाल का?"

बघाल का! मोजणीदार त्या रात्री जेवताना एक पोळी जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच ते होकायंत्र, टेप आणि जुनी नोंदवही घेऊन तलावावर गेले. जागा त्यांना आधीच ठाऊक होती. पूर्वेच्या काठावर ओळीनं सात जुनी झाडं, मधोमध दगडी पायऱ्या, समोर पाणी. सकाळचं ऊन कुठून येतं, साडेआठला सावली किती लांब पडते, पायरीपासून पाण्यापर्यंत अंतर किती, सगळं त्यांनी टिपून घेतलं. घरी येऊन नकाशा काढला, रंगवला, फोटो काढून ठकीला पाठवला. बुधवार हा फोनचा वार नव्हता. तरी सातला फोन वाजला.

बावीस मिनिटं! मोजणीदार बोलत होते आणि ठकी ऐकत होती. चतुःसीमा सांगताना तर ती खुदकन हसली. "पूर्वेस रस्ता, पश्चिमेस पाणी, दक्षिणेस बाग, उत्तरेस सार्वजनिक शौचालय… बाबा, हेही लिहिलंत?"

"वस्तुस्थिती लपवून चालत नाही."

"किती मस्त जागा आहे! माझ्या लक्षातच नव्हती. चला, ठरलं मग. एका दिवसात काम फत्ते. थँक्यू बाबा. ठेवते."

'ठरलं' हा शब्द मोजणीदारांनी कार्यालयात हजारदा ऐकला होता. शेजाऱ्या-शेजाऱ्यांचा बांध ठरला, की दोन्ही पार्ट्या उठून निघून जायच्या. खोलीत मागे उरायचे ते मोजणीदार आणि टेबल. 

"एक मिनिट," ते म्हणाले. "एक अडचण आहे."

"काय?"

मोजणीदारांनी खोलीभर नजर फिरवली. खिडकीला जाळी होती.

"डास," ते म्हणाले. "भयंकर डास आहेत तिथे. तुम्हाला उभं राहू द्यायचे नाहीत."

"अरेरे. मग दुसरी जागा बघाल? उद्या करते फोन."

फोन ठेवून ते वळले, तर बायको टाचण्या तोंडात धरून त्यांच्याकडे बघत होती. टाचण्या असल्या की तिला बोलता यायचं नाही, हे एक बरं होतं.

तिथून पुढे मोजणीदारांच्या आयुष्याला शिस्त आली. सकाळी जागा बघायची, दुपारी नकाशा काढायचा, संध्याकाळी सातला ठकीला सांगायचं, आणि ती 'छान आहे' म्हणाली रे म्हणाली की अडचण काढायची. कॉलेजच्या पायऱ्यांना शेवाळ निघालं. टेकडीवर वारा निघाला. जुन्या पुलावर म्हशी निघाल्या, आणि म्हशींचा मालक तापट निघाला. रोपवाटिकेत मधमाश्या निघाल्या. मोजणीदार खोटं बोलणारे नव्हते. प्रत्येक जागेत काही ना काही दोष असतोच, तो शोधायला नजर लागते, आणि ती त्यांनी तेहतीस वर्षं कमावली होती. डासांचं तेवढं… पण ते जाऊ द्या.

ठकी मात्र गमतीनं ऐकायची. हळूहळू जागेचं बोलणं दहा मिनिटांत आटपायचं आणि मग इतर गोष्टी निघायच्या. ऑफिसातली तिची साहेबीण कशी आहे, नव्या घराला गॅलरी आहे की नाही, जावयांना स्वयंपाकातलं काय काय येतं. एकदा ती म्हणाली, "बाबा, आठवतं? सुट्टीत तुम्ही मला मोजणीला न्यायचात. टेपचं टोक माझ्या हातात द्यायचात आणि म्हणायचात, 'हलू नकोस, सरकारी काम आहे.' मी श्वाससुद्धा घ्यायची नाही." मोजणीदारांना आठवत होतं. टेपच्या दुसऱ्या टोकाला गुलाबी फ्रॉकमध्ये ताठ उभी असलेली ती, इतकी लांब, की हाक मारली तर ऐकू गेलं नसतं. ते फक्त "हं" म्हणाले.

एका घरातली ही धावपळ आळीपासून लपून राहणं शक्यच नव्हतं. शेजारच्या घरात कोर्टातले निवृत्त बेलीफ राहायचे. त्यांनी आयुष्यभर लोकांच्या दारावर नोटिसा चिकटवल्या होत्या, त्यामुळे कुठलीही गोष्ट त्यांना नोटीस दिल्याशिवाय सुरू झालीशी वाटत नसे. "मोजणीदार, जागा रिकामी नुसती बघून कळत नाही," ते म्हणाले. "तिथे माणूस उभा करून बघावा लागतो. वहिनींना घ्या, मी येतो नवरदेव म्हणून."

अशा रीतीनं एका सकाळी मोजणीदारांची बायको आणि बेलीफ टेकडीवरच्या बाकापाशी शेजारी-शेजारी उभे राहिले आणि मोजणीदार समोरून फोटो काढू लागले. ठकीच्या म्हणण्याप्रमाणे जावई सहा फूट, बेलीफ पाच फूट तीन इंच. म्हणून त्यांना दोन विटांवर उभं केलं. "जरा तिच्याकडे बघा," मोजणीदार ओरडले. "प्रेमानं!" बेलीफांनी समन्स बजावताना बघावं तसं बघितलं. नेमक्या त्याच वेळी समोर राहणाऱ्या नर्सबाई फिरायला आल्या. त्या आल्या पावली परत वळल्या. दुपारपर्यंत आळीतल्या तीन बायकांनी आपले ब्लाउज अर्धवट शिवलेलेच परत नेले, आणि चौथीनं येऊन विचारलं, "घरात सगळं ठीक आहे ना?"

"यापुढे मी येणार नाही," बायको म्हणाली. या वेळी तिच्या तोंडात टाचण्या नव्हत्या. "तुम्हाला बाईच उभी करायची तर माझा तो पुतळा न्या."

तो पुतळा म्हणजे ब्लाउजची मापं बसवायचा, मानेपासून कंबरेपर्यंतचा. मोजणीदारांनी ते मनावर घेतलं. पुतळ्याला ठकीची जुनी साडी गुंडाळली, स्कूटरच्या मागच्या सीटवर दोरीनं बांधला आणि निघाले. चौकात वाहतूक पोलिसानं शिट्टी मारली.

"मागे कोण आहे?"

"मुलगी," मोजणीदार म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. "म्हणजे मुलीच्या जागी."

"डोकं कुठाय?"

"डोकं लागत नाही. नुसता अंदाज घ्यायचाय."

पोलिसानं स्कूटर बाजूला घ्यायला लावली. पाऊण तास चौकशी चालली. बघ्यांची गर्दी जमली. एका म्हातारीनं पुतळ्याचा पदर नीट केला. शेवटी मोजणीदारांनी नोंदवही उघडून बारा जागांचे नकाशे दाखवले, तेव्हा पोलीस मवाळ झाला आणि म्हणाला, "साहेब, माझ्या सासऱ्यांची एक मोजणी अडकलीये, जरा बघता का?"

संध्याकाळी हे सगळं ऐकून ठकी इतकी हसली, की तिला ठसका लागला. चौकात झालेल्या अपमानाचं मोजणीदारांना मग काहीच वाटेनासं झालं. असा अपमान रोज झाला असता तरी चाललं असतं.

दोन आठवडे उरले तेव्हा ठकीच म्हणाली, "बाबा, आपल्याकडचं मोठं वनस्पती उद्यान का नाही बघत? तिथे म्हणे परवानगी लागते." परवानगी लागते हे ऐकून मोजणीदारांना जन्मात पहिल्यांदा सरकारी कारभाराविषयी माया वाटली. परवानगी म्हणजे फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीचा संध्याकाळी एक फोन.

उद्यान खात्याचा हेडक्लार्क कोरड्या चेहऱ्याचा माणूस होता. अर्जात उद्देशासाठी दोनच रकाने होते: 'शास्त्रीय अभ्यास' आणि 'चित्रपट'.

"शास्त्रीय आहे का?"

"नाही. मुलीचे आणि जावयांचे फोटो."

"मग चित्रपट. पटकथेच्या तीन प्रती जोडा."

"अहो, साधे फोटो आहेत. पटकथा कुठली?"

"पटकथेशिवाय अर्ज अपुरा. तुम्ही स्वतः सरकारी नोकरीत होता ना?"

हा घाव वर्मी बसला. मोजणीदारांनी रात्री बसून पटकथा लिहिली. 'दृश्य एक. मुलगा मुलीकडे पाहतो. मुलगी झाडाकडे पाहते. दृश्य दोन. मुलगी मुलाकडे पाहते. मुलगा झाडाकडे पाहतो. दृश्य तीन. दोघे झाडाकडे पाहतात.' हेडक्लार्कनं ती दोनदा वाचली.

"मुलगी झाडाकडे का पाहते?"

"का म्हणजे? लाजून."

"ते इथे दिसत नाही. वाचणाऱ्याला वाटेल, भांडण झालंय." त्यानं पेन उघडलं. "शिवाय शेवट नाही. दोघे झाडाकडे पाहतात, पुढे काय?"

पुढे काय, हे मोजणीदारांना ठाऊक होतं. पुढे दोघं आपल्या घरी जातात. पण 'शेवट लिहून आणतो' म्हणून त्यांनी कागद उचलले. तीन फेऱ्यांत पटकथेची पाच दृश्यं झाली, त्यातलं चौथं हेडक्लार्कनं स्वतः लिहिलं. रोज संध्याकाळी मोजणीदार ती फोनवर वाचून दाखवायचे आणि ठकी दोघांच्या आवाजात संवाद घालायची. एकदा चाळीस मिनिटं झाली. बायकोचं मशीन या काळात बंद असायचं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

आणि मग गुरुवारी, रविवारला तीन दिवस उरले असताना, परवानगी मिळाली. गोल शिक्का, सही, सगळं. मोजणीदारांना वाटलं होतं, निदान शनिवारपर्यंत तरी फाईल अडकेल.

"मिळाली!" ठकी फोनवर ओरडली. "मग ठरलं ना, बाबा?"

"मिळाली खरी," ते म्हणाले. "पण एक अडचण आहे. प्रत्येक झाडावर नावाची पाटी आहे. फोटोत तुमच्या डोक्यावर झाडाचं नाव येईल."

मग ठकीचा आवाज आला, पण वेगळाच, बारीक.

"बाबा, एक विचारू? रागावू नका. तुम्हाला हा पसंत नाही का?"

"कोण?"

"कोण काय, बाबा! चौदा जागा झाल्या. प्रत्येक जागा तुम्ही मोडता. तो कालच म्हणाला, 'जागा नको असं नाहीये गं, मी नकोय. तुझे बाबा सरळ सांगत नाहीत एवढंच.' मी त्याच्याशी भांडले. पण आता मलाही… तुमच्या मनात नसेल तर सांगा ना. आत्ता सांगा."

इतक्या जमिनी मोजल्या, इतके वाद मिटवले, आणि घरच्या घरात असली चूक! मशीन आजही बंदच होतं. बायको उठून शेजारी येऊन उभी राहिली. "सांगा आता," ती हळूच म्हणाली. तिला सगळं कधीपासून ठाऊक होतं कोण जाणे.

"डास नव्हते," मोजणीदार म्हणाले.

"काय?"

"तलावावर. एकही नव्हता. पहिल्याच दिवशी जागा चांगली होती. उत्तम होती."

"मग?"

"मग तू ठरलं म्हणालीस. आणि फोन ठेवायला निघालीस."

ठकी रडत होती की काय, ते कळेना, कारण तिच्या मागे रस्त्याचा आवाज येत होता. मग ती एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही पण ना!" आणि ती सगळे प्रश्न सोडून, गोळ्यांचासुद्धा विचारायचं सोडून, नुसतीच फोन धरून थांबली. मोजणीदारही थांबले.

रविवारी सकाळी दोघं आली. जावई खरोखरच सहा फूट होते आणि बसमधून उतरताना त्यांचं डोकं दाराला आपटलं. त्यांनी कपाळ चोळत हात पुढे केला. "बाबा, मी नाकारलेल्या जागांची यादी ठेवली होती. चौदा झाल्या. मला वाटायचं, पंधरावा मी."

"तुमच्यात अडचण सापडली नाही," मोजणीदार म्हणाले. त्यांच्या हिशेबी एवढी स्तुती त्यांनी आजवर कुणाचीच केली नव्हती.

सगळे तलावावर गेले, तर तलावात पाणी नव्हतं. पाणी सोडायचा दरवाजा दुरुस्त करायचा म्हणून तो शुक्रवारीच रिकामा केला होता. समोर नुसता चिखल, चिखलात एक यंत्र, आणि आता मात्र खरेच डास. फोटोग्राफर मोजणीदारांकडे बघून म्हणाला, "काका, तीन आठवड्यांपूर्वी इथे काय सुंदर दिसत होतं!" मोजणीदारांनी ते ऐकलं आणि गिळलं.

मग उद्यान. पहारेकऱ्याच्या हातात परवानगीची प्रत होती आणि तो एक-एक दृश्य वाचून ताडून बघत होता. दुसऱ्या दृश्यात जावयांना हसू फुटलं. पहारेकऱ्यानं हात वर केला. "हसणं मंजूर नाही. लिहिलंय, गंभीरपणे पाहतो." एवढ्यात स्वतः हेडक्लार्क आला, सुट्टीच्या दिवशी, इस्त्रीच्या कपड्यात, बायकोला घेऊन. आपलं चौथं दृश्य बघायला! 'मुलगा पडलेलं पान उचलतो. मुलीला देतो. ती घेत नाही. मग घेते.' ते दृश्य चार वेळा झालं, कारण ठकीनं पान प्रत्येक वेळी पहिल्याच झटक्यात घेतलं. "घेऊ नका ना लगेच!" हेडक्लार्क कळवळून ओरडला. पाचव्यांदा जमलं, तेव्हा त्याची बायको डोळे पुसत होती. पाट्या सगळ्या फोटोंत आल्या.

मोजणीदार लांब एका बाकावर पाण्याची बाटली आणि सगळ्यांच्या चपला सांभाळत बसले होते. ठकी समोर होती, जेमतेम तीस पावलांवर, पण फोटोग्राफर तिला सारखा वळवत होता, हनुवटी वर, नजर खाली. मधूनच ती त्यांच्याकडे बघून हात हलवायची. दिवसभरात दोघांचं बोलणं झालं ते एवढंच: "बाबा, कंगवा द्या," आणि "बाबा, उन्हात नका बसू." दुपारी जेवायला घरी गेले, तर आळी जमली. बेलीफांनी जावयांच्या खांद्याशी उभं राहून आपली उंची मोजून घेतली. चारला बस होती.

बस सुटताना ठकीनं खिडकीतून हात बाहेर काढला. मोजणीदारांनी तो धरला. बस हलली तशी सोडला. घरी येताना बायकोनं त्यांचा हात धरला, जो ती रस्त्यात कधी धरत नसे.

सोमवारी सकाळी मोजणीदार सहालाच उठले. मग त्यांच्या लक्षात आलं, कुठे जायचं नाहीये. ते पुन्हा आडवे झाले. दुपारी नोंदवही कपाटात ठेवली. सोमवार हा फोनचा वार नव्हता, आणि आता फोनला कामही उरलं नव्हतं. सात वाजले. बायको मशीन चालवत होती. सव्वासात झाले. मोजणीदारांनी पेपर उघडला, मिटला.

आठ वर्षांत त्यांनी ठकीला आपण होऊन फोन केला नव्हता. ती कामात असेल, असं वाटायचं. तिला उगाच घाबरायला होईल, असंही वाटायचं. साडेसातला त्यांनी चष्मा लावून नंबर शोधला आणि बटण दाबलं.

तीन घंट्या झाल्या. "बाबा?" ठकीचा आवाज दबका होता, मागे कुणीतरी बोलत होतं. "काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. काही झालं नाही."

"मग? काही काम होतं का?"

"काम काही नाही," मोजणीदार म्हणाले. "सहज केला. मीटिंगमध्ये असशील तर ठेवतो."

"थांबा. ठेवू नका."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दार उघडलं, मिटलं. मग जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज. मोजणीदार सवयीनं पायऱ्या मोजू लागले. अठरा झाल्या. मग रस्ता, गाड्या, वारा.

"हं," ठकी म्हणाली. तिला जरा धाप लागली होती. "बोला, बाबा."

मोजणीदारांनी काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

"आज इथे फार उकडतंय," ते म्हणाले.

"इथेही," ठकी म्हणाली, आणि कुठेतरी बसली असावी, कारण तिचा श्वास हळूहळू संथ होत गेला.